बाबा, रविवारी अनगोळला जाऊ नका

पुणे,
शनिवार रात्र

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

फोनवर हा विषय काढला की बाबा "बरं बरं, बघू की" म्हणतात, फोन आईच्या हातात जातो आणि आई "जेवलीस काय?" विचारते. म्हणून पत्र लिहितेय. बाबा, हे मोठ्याने वाचा, म्हणजे आईला ऐकू जाईल आणि मधली वाक्यं तुम्हाला गाळता येणार नाहीत.

परवा आपल्या बेळगावच्या अनगोळमधल्या भाड्याने दिलेल्या घराचं बघायला नेमलेल्या मॅनेजरचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलले आणि मग म्हणाले, "ताई, एक सांगू काय, रागावू नका." आपल्या भाडेकरूबाईंनी त्यांना विचारलं होतं, अंकल दर रविवारी येतात ते आमच्यावर लक्ष ठेवायला काय? बाबा, तुम्ही सकाळी नऊला गावाहून, गर्लगुंजीहून, स्कूटरवर येता, बेल न वाजवता फाटक उघडून मागे जाता, चिकू उतरवता, मोटर लावून टाकी भरेपर्यंत उभे राहता. मागच्या रविवारी तर पुढच्या कठड्यावर वाळत घातलेल्या चादरी काढून मागच्या दोरीवर टाकल्यात. त्या बाई नर्स आहेत. रात्रपाळी करून झोपल्या होत्या. उठून बघतात तर चादरी गायब! शेजारच्या काकूंना मोडक्या मराठीत विचारत होत्या म्हणे, चोर आला होता काय.

तुम्ही म्हणाल, माझं घर, माझं झाड, मी जाणार की! घर तुमचंच आहे. पण एक जूनपासून तिथे दुसऱ्यांचा संसार आहे, आणि तिथे बघायला म्हणून आपण एक माणूस नेमलाय. तुम्ही त्यांना "मुकादम" म्हणता ते त्यांना कळलंय. हसले ते, पण कळलंय.

मुकादम कशाला, हे पुन्हा एकदा लिहून ठेवते. तुम्ही दोघं गावी गेल्यावर घर आठ महिने बंद होतं. मागच्या खोलीची भिंत ओल धरून बसली, माळ्यावर उंदीर झाले. मी इकडे पुण्यात, साडेतीनशे किलोमीटरवर. सीमाप्रश्न जरा तापला की बस सीमेवरच्या कोगनोळीला अडते. मी नळ दुरुस्त करायला कधी येणार? आणि तुम्हाला अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी भाडेकरू शोधणं, त्यांच्याशी कन्नडमध्ये घासाघीस करणं, पोलिसांकडे त्यांचे कागद देणं झेपणार नाही. उद्यमबागच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, तुम्ही चाळीस वर्षं कन्नड बोललात ते मला माहीत आहे. पण ते सगळं "हाक, तेगी, मुगीतु" (घाल, काढ, संपलं) एवढ्यावर भागलं, हेही माहीत आहे.

तुमची खरी भीती वेगळी आहे आणि ती मला कळते. आज्ज्याने कूळ म्हणून जमीन कसली. 1974 च्या जमीन सुधारणा कायद्यानंतर कुळाने जमीन मागायचा फॉर्म नंबर 7 भरला, आणि जमीन आपल्या नावावर झाली. गावच्या ज्या मालकाची ती होती, त्यांच्या दारावरून जाताना तुम्ही अजून मान खाली घालता. म्हणून तुमच्या डोक्यात बसलंय की घरात माणूस शिरला की घर गेलं. बाबा, तो कायदा शेतजमिनीचा होता, राहत्या घराला तो लागत नाही. कर्नाटकाचा 1999 चा भाडे कायदासुद्धा महिना साडेतीन हजारांवरच्या भाड्याला लागू नाही, आपलं तर तेरा हजार आहे. म्हणजे आपल्याला लागतो तो 1882 चा जुना मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि आपण सही केलेला कागद. म्हणूनच त्या कागदावर मी एवढी डोकेफोड केली. तुम्ही म्हणालात, "वकिलीणबाई झालीस काय?"

मामाचं उदाहरण आठवा. शहापूरचं घर त्याने लीजवर दिलं. पाच लाख एकरकमी घेतले, महिन्याचं भाडं नाही, सोडताना पाच लाख परत. तीन वर्षांनी ती माणसं पैसे मागायला दारात, आणि पैसे केव्हाच लग्नात गेलेले. घर आपलं असून आपणच तोंड लपवायचं! आपलं डिपॉझिट सहा महिन्यांचं, अठ्ठ्याहत्तर हजार. ते तुमच्या खात्यात आलं आणि मी तुम्हाला त्याची मुदत ठेव करायला लावली ती याचसाठी. आई, त्यातून पाटल्या होणार नाहीत. ते पैसे त्यांचे आहेत, आपल्याकडे ठेवलेत एवढंच.

आता मॅनेजरच्या पैशांचं. भाड्याच्या आठ टक्के, म्हणजे महिन्याला 1,040, वर्षाला 12,480. शिवाय भाडेकरू आणून दिला म्हणून सुरुवातीला अर्ध्या महिन्याचं भाडं. तुम्हाला हे पैसे बुडाल्यासारखे वाटतात. पण करारात मी एक शब्द मुद्दाम घालून घेतलाय: "मिळालेल्या" भाड्यावर आठ टक्के. ठरलेल्या नाही. घर रिकामं राहिलं किंवा भाडं थकलं, तर त्यांनाही काही नाही. भाडं त्यांच्या हातातूनही जात नाही. भाडेकरू थेट तुमच्या खात्यात टाकतात, त्याचा फोटो मॅनेजरना पाठवतात, ते पाच तारखेला हिशेब लिहितात आणि मग मी त्यांचे पैसे देते. पहिल्यांदा त्यांचं म्हणणं होतं की भाडं त्यांच्याकडे जमा व्हावं आणि त्यांनी कापून द्यावं. मी नको म्हटलं. माणूस चांगला असला तरी आपले पैसे दुसऱ्याच्या खात्यातून फिरून का यावेत?

आणि वर्षाचे बारा महिने भाडं मिळेल असं धरू नका. तुम्हीच मला शिकवलंय, बीडाचं कास्टिंग, म्हणजे ओतलेली वस्तू, थंड होताना आकसतं, म्हणून ज्यावरून साचा घ्यायचा तो लाकडी पॅटर्न मीटरमागे दहा मिलिमीटर मोठा करायचा. लहानपणी मला वाटायचं तुमची पट्टीच चुकीची आहे. भाड्याचंही तसंच धरा. एखादा महिना घर रिकामं जाईल, एखादा दुरुस्तीत जाईल, घरपट्टी आहेच. हातात दहा महिन्यांचं येईल असा पॅटर्न करा.

केंद्राने 2021 साली एक आदर्श भाडेकरू कायदा करून राज्यांकडे पाठवला, राज्यांनी स्वीकारावा म्हणून. त्यात प्रॉपर्टी मॅनेजरने काय करायचं हे लिहिलंय: पावती देऊन भाडं घ्यायचं, मालकाच्या वतीने गरजेची दुरुस्ती करायची, अधूनमधून घर बघायचं, भाडेकरूला नोटीस द्यायची. बाकी काहीही मालकाने सांगितल्याशिवाय नाही. मला ते आवडलं, ते मी आपल्या करारात उतरवून घेतलं. त्याच्याच शेजारचं कलमही घेतलं, आणि ते तुमच्यासाठी आहे, बाबा. मालक असो की मॅनेजर, घरात जायचं तर चोवीस तास आधी कळवायचं, आणि सूर्योदयाआधी किंवा सूर्यास्तानंतर नाही. त्याखाली तुमची सही आहे. चहा थंड होतोय म्हणून न वाचता केलेली, पण सही तुमचीच.

आता रोख पैशांचं. नोव्हेंबरचं भाडं तुम्ही भाडेकरूच्या हातून रोख घेतलंत. त्यांनी एटीएममधून पैसे काढून आणले होते, तुम्ही समोर होता, त्यांनी दिले. तुम्ही खिशात घातले, पावती नाही, मला सांगितलं नाही, मॅनेजरना नाही. सहा तारखेला मॅनेजरनी भाडं थकल्याचा मेसेज पाठवला. तो भाडेकरू इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, वर्गात होता. त्याला किती वाईट वाटलं असेल! आणि त्याला घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची तर पावत्या लागतात. वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर असलं की घरमालकाचा पॅन नंबरही द्यावा लागतो. म्हणून त्याने तो मागितला होता, तुमची चौकशी करायला नव्हे. तुमची पेन्शन आणि हे भाडं मिळूनही कर बसण्याइतकं होत नाही. भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यातून दुरुस्तीबिरुस्तीचे म्हणून सरसकट तीस टक्के. मॅनेजरचे पैसे वेगळे वजा होत नाहीत, ते त्या तीस टक्क्यांतच आले.

मॅनेजर म्हणजे देवमाणूस असं मी म्हणत नाही. जुलैच्या पावसात टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणारा, गेला तेव्हा त्यांनी 2,350 रुपये लावले. दीड हजारांच्या वर मला विचारल्याशिवाय खर्च करायचा नाही असं ठरलेलं. विचारलं नाही. बिल मागितलं तर दुकानाचं बिल 640 चं, बाकी सगळी मजुरी. रविवार होता, माणूस मिळत नव्हता, म्हणाले. मी पैसे दिले, पण त्या दिवशी चांगलंच सुनावलं, आणि तेव्हापासून काढलेल्या सामानाचा फोटो, बसवलेल्याचा फोटो आणि बिल, तिन्ही आल्याशिवाय मी पैसे देत नाही. आता मुकाट्याने पाठवतात. घर सोडताना रंगाचे म्हणून एक महिन्याचं भाडं कापायचं, ही बेंगळूरची रीतही त्यांनी सुचवली होती. आपण रंग देऊनच कुठे घर दिलं होतं? नको म्हटलं.

म्हणजे डोळे उघडे ठेवायचे ते मॅनेजरवर. भाडेकरूवर डोळे ठेवायला तो आहे. आपण दोन्हीकडे बघायला लागलो की तो कशाला बघेल? टाकी अंकल बघतात, झाड अंकल बघतात, मग ऑक्टोबरची त्यांची फेरी झालीच नाही. विचारलं तर म्हणाले, "बाबा येतातच की." काय बोलणार मी?

आई, आता तुझं. मागची खोली कुलूप लावून ठेवलीस, त्यात तांब्याचे हंडे, तुझं जातं, लग्नातल्या सतरंज्या. मॅनेजर पहिल्याच दिवशी म्हणाले होते, एक खोली आपली ठेवली की मालकाला यायला निमित्त राहतं. तेव्हा मला त्यांचा राग आला, आता पटतंय. शिवाय ओल त्याच खोलीत आहे आणि कुलूप असल्यामुळे कुणी बघू शकत नाही. करार तीस एप्रिलला संपतो, अकरा महिन्यांचा आहे. नवा करताना ती खोली द्यायची आणि भाडं थोडं वाढवायचं. मी मार्चमध्ये चार दिवस येते, टेम्पो करून सामान गावी नेऊ. घरपट्टीही एप्रिलमध्येच भरू, पाच टक्के सूट मिळते.

तुळस जगलीय. बाई रोज पाणी घालतात, फोटो पाठवला होता. संक्रांतीला त्यांना तिळगूळ द्यायला जायचंय म्हणालीस, जरूर जा. त्या गदगच्या, त्यांच्याकडे एळ्ळू-बेल्ल असतंच. फक्त आदल्या दिवशी फोन कर आणि पुढच्या दाराने जा.

एक काम लगेचचं आहे. गृहज्योतीची, म्हणजे कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची, वीज. अनगोळच्या मीटरला बाबांचं आधार जोडलेलं आहे. ते सुटल्याशिवाय भाडेकरूंना आपलं आधार जोडता येत नाही आणि गर्लगुंजीच्या मीटरलाही तुमचं जोडता येत नाही. 200 युनिटांच्या आतलं दोन्ही घरांचं बिल माफ होऊ शकतं, आणि आपण आळसापायी भरतोय. मॅनेजर गुरुवारी अकरा वाजता गावी येतील, हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, बिल आणि आधार काढून ठेवा. तुमच्या मोबाइलवर ओटीपी येईल, तो ते समोर बसलेले असतानाच सांगायचा. आधी कुणाचा फोन आला तर अजिबात नाही, अगदी मी बोलतेय असं कुणी म्हणालं तरी.

आणि बाबा, घर देताना आम्ही व्हिडिओ केला होता: पंखे किती, नळ किती, मीटरचं रीडिंग, पुढच्या दाराच्या चाव्या दोन, मागच्याच्या दोन. तुम्ही स्वतः हातात धरून कॅमेऱ्याला दाखवल्यात. मागच्या दाराला तीन आहेत, हे मला शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे. तिसरी तुमच्या स्कूटरच्या किल्लीला अडकवलेली आहे. ती गुरुवारी त्यांच्याकडे द्या आणि पावती घ्या. चिकू दर महिन्याला ते स्वतः पोचवतील, मी बोललेय त्यांच्याशी.

तुमची,
धाकटी