अक्का, नाव न घालता लिहितेय

अक्का, नाव घालायचं नाही हे तुम्हीच शिकवलंय, म्हणून नुसतं अक्का. बेळगावात, आपल्या वडगाव-शहापुरात ज्यांना कळायचं त्यांना कळेल, नाही कळलं तर आणखी बरं. तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "गप ग" म्हणून विषय बदलता, म्हणून इथं लिहितेय, वाचणार तुम्ही हे माहीत आहे, मोबाईल कुठं सुटतोय तुमच्या हातातनं.

तुम्ही साडीला फॉल लावायला आलेलात. मशीनच्या मागं फळीवर ह्यांची दारूची बाटली होती आणि तिच्यावर मी टेलरिंगच्या खडूनं रेघ मारून ठेवलेली, रात्रीत किती उतरली ते सकाळी कळावं म्हणून. इतकी गिऱ्हाईकं येऊन गेली, कुणाला दिसली नाही. तुम्ही रंग जुळवता जुळवता तिकडं बघितलात आणि म्हणालात, "रेघ मारून कमी होत नाही ग, मी पेन्सिलनं मारत होते." एवढंच. उपदेश नाही, अरेरे नाही. मग फॉल राहिला बाजूला आणि आपण बोलत बसलो, आत दूध उतू गेलेलं वासावरनं कळलं.

तोवर आम्ही काय करायचं ठेवलेलं? सौंदत्तीला यल्लम्मापुढं शपथ झाली, पंढरपूरची माळ झाली, ती गणपतीपर्यंत टिकली. ह्यांचा भाजीचा टेम्पो, रात्री इथनं माल भरून चोर्ला घाटातनं म्हापसा, आणि येताना रिकाम्या क्रेटखाली बाटली, गोव्यात स्वस्त, त्यामुळं घरात कधी तुटवडा म्हणून नाही. नणंदेनं आमटीत कालवायची पावडर आणून दिलेली, पुडीवर नाव नाही गाव नाही. ती तुम्ही काढून घेतलीत, डॉक्टरला न विचारता, माणसाला न सांगता असलं पोटात घालायचं नाही, वर दारू पडली तर जिवावर बेततंय म्हणालात. दीर तर ह्यांना खोलीत कोंडून एकदम बंद करणार होते, तेपण तुम्हीच मोडलंत. रोज पिणाऱ्याची अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, नाही नाही ते दिसायला लागतंय, आधी दवाखाना. पुढं धारवाडला डिमहान्सला, मानसिक आजारांच्या दवाखान्यात, दाखवून औषधावर सुटली ती तुमचं ऐकलं म्हणून. आपल्याकडं कोंडून घाला सांगणारे गल्लीभर, दवाखाना सांगणारं कुणी नाही.

आणि मिटिंग. मला वाटलेलं हे कुठल्यातरी पंथाचं असणार, गळ्यात काहीतरी बांधतील. रिक्षात तुम्ही सांगितलंत की १९३५ ला अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघंही पक्के पिणारे, एकमेकांशी बोलत बोलत दारूपासून लांब राहिले, त्यातनं ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडू बघणाऱ्यांचं मंडळ निघालं, आणि त्या दलालाच्या बायकोनं १९५१ ला एका मैत्रिणीबरोबर घरच्यांसाठी अल-अनॉन काढलं. म्हणजे तिकडची बायकोपण आपल्यासारखीच दार उघडं ठेवून जागत बसलेली असणार, हे ऐकून मला का कुणास ठाऊक जरा धीर आला. शाळेचा वर्ग, पोरांचे बाक, गुडघे मावत नाहीत, फळ्यावर तेराचा पाढा. फी नाही, डबा फिरतो, जमेल त्यानं दहा रुपये टाकायचे. कोण काय बोललं ते तिथंच ठेवायचं असतंय म्हणून लिहीत नाही, निम्मं कन्नडात होतं, माझं कन्नड बाजारापुरतं, तरी अडलं नाही, घरोघरी मातीच्या चुली. एकदा मिटिंग नेमकी १ नोव्हेंबरला आली, एकीकडं कन्नड राज्योत्सवाची मिरवणूक, एकीकडं मराठी लोकांचा काळा दिवस, रस्ते बंद, आणि तुम्ही गल्लीबोळातनं चालत चहाचा थर्मास घेऊन हजर!

तिथं ऐकलेलं एक मात्र सांगते, कारण ते सगळ्यांसाठीच आहे: त्याचं पिणं तुझ्यामुळं नाही, तुझ्या ताब्यात नाही, आणि ते बरं करणं तुझ्या हातात नाही. मला आधी रागच आला, मग येऊन काय उपयोग म्हटलं. तुम्ही म्हणालात, तू तुझ्यासाठी ये की. मी नुसतं एक बंद केलं, टेम्पोच्या मालकाला फोन करून "ह्यांना ताप आलाय" सांगायचं. मालकानं ह्यांनाच झाडलं, घरात चार दिवस धुसफूस, पण मी काय बोलले नाही. मग एका रात्री जेवताना ह्यांनीच खाली मान घालून विचारलं, "तुझ्या त्या मिटिंगवाल्यांचं पुरुषांचं पण असतंय काय?"

सरळ झालं नाही, तुम्हाला माहीतच आहे. गावच्या जत्रेत पाव्हण्यांनी "एक घेतल्यानं काय होतंय" करून परत पाजली. ज्याला साखर आहे त्याला कुणी धरून जिलेबी भरवत नाही, पण दारू सोडलेल्याला पाजण्यात आपल्या लोकांना कसला मोठेपणा वाटतो देव जाणे. त्या रात्री मी तुम्हाला फोन केला, तुम्ही म्हणालात झोप, उद्या सकाळी त्यांचे ते बघतील. आणि त्यांनी बघितलं, स्वतःच ए.ए.तल्या त्यांच्या स्पॉन्सरला, म्हणजे आधी दारू सोडलेल्या, आधार देणाऱ्या सोबत्याला फोन लावला. अजून तीच गोव्याची लाईन मारतात, घाटात रेंज नसते म्हणून आधीच फोन करून घेतात, म्हापशाला उतरल्यावर परत एक.

बरं, ऐका. खानापूरकडची एकजण आहे, माझ्याकडं ब्लाऊज शिवायला येते, कालच रडली. रविवारी तिला घेऊन येतेय, तिची बस लवकर पोचते तर तुम्ही जरा आधी या, आणि मराठीतली पुस्तिका शिल्लक असेल तर पिशवीत टाका, माझी मी दुसरीला दिली.