होबार्टच्या त्या दोघींचे आभार

आईला ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावर, होबार्ट शहरातली कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी दाखवायला नेलं होतं. नाव फॅक्टरीचं, पण १८२८ ते १८५६ हा ब्रिटनहून हद्दपार केलेल्या बायकांचा तुरुंग. धुणी धुवायची, सूत कातायचं. आता उरल्यात उंच दगडी भिंती आणि रिकामी आवारं.

ओढ्याकाठची ओल; आईचा पाय घसरला. दोन अनोळखी बायका धावत आल्या. एकीनं स्वतःचा रेनकोट दगडावर अंथरून तिला बसवलं, दुसरीनं थर्मासमधला चहा दिला. (बिनसाखरेचा! तरी आईनं संपवला.) इथे दगावलेल्या तान्ह्या बाळांबद्दल मी सांगितल्यावर आईचे डोळे भरले, तेव्हा रेनकोटवालीनं तिचा हात सोडलाच नाही.

बाईंनो, नावं विचारायची राहिली. मनापासून आभार. आईचा गुडघा आता बरा आहे.