डॉक्टर मॅडम, त्या ‘उर्फ’साठी थँक्यू

डॉक्टर मॅडम,

त्या दिवशी तुमच्या क्लिनिकमधून निघताना धड थँक्यूसुद्धा म्हणता आलं नाही, घसा दाटून आला होता आणि माझा मुलगा ओम्या पायरीवर बसून रडत होता. आज दुपारचे डबे गेलेत, तासभर निवांत आहे, म्हणून लिहायला घेतलं.

तुम्हाला सगळं माहितीये, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री धायरीतल्या आमच्या बोळात फटाक्यांनी बिथरलेला एक कुत्रा टेम्पोखाली येऊन बसला, मागचा पाय लोंबकळत होता, गळ्यात पट्टा नाही. पाय जोडायला 14 हजार लागले, माझ्या भिशीचे. नाव ठेवलं शेरू. चार महिने तो ओम्याच्या पायाशी झोपला आणि होळीच्या आदल्या दिवशी पाच जण दारात उभे, हा आमच्या सोसायटीतल्या आजोबांचा ब्रूनो आहे, तुम्ही चोरलाय. चोरलाय! मी रोज 200 पोळ्या लाटते हो, कुणाचं पिठाचं डबडंसुद्धा कधी ठेवून घेतलं नाही.

मग सुरू झाली वरात. चौकीत साहेबांनी मान वर न करता विचारलं, कागद आहेत का? आजोबांकडे महापालिकेचं लायसन, आमच्याकडे ऑपरेशनचं बिल, मग म्हणे आपसात मिटवा. प्राणीप्रेमींच्या एका ग्रुपवर माझ्या दाराचा फोटो फिरला, खाली शिव्यांचा पाऊस, पण त्याचा पाय आता कसा आहे हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. माझ्याकडे डबा लावलेले एक वकील म्हणाले, ताई घाबरू नका, 1872 च्या करार कायद्यात आहे, सापडलेल्या वस्तूवर केलेला खर्च मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. चांगल्या मनानेच सांगितलं त्यांनी, पण शेरू काय बसमध्ये सापडलेली छत्री आहे? ओम्याने तर मोबाईलवर शोधून काढलं की 2020 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादला एका लॅब्रॅडॉरवर दोन जणांनी हक्क सांगितला तेव्हा पोलिसांनी डीएनए टेस्ट करायला लावली, आई आपण पण करू. अरे बाबा, त्यात कुत्र्याचे आईबाप कळतील, तुझं नाव थोडंच निघणारे!

आणि सोसायटीच्या सेक्रेटरींचा एकच धोशा, मध्ये उभा करा, दोघांनी हाका मारा, ज्याच्याकडे जाईल त्याचा. शेवटी सगळे तुमच्या क्लिनिकमध्ये आलो, तिथे पण त्यांनी तेच काढलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “आधीच घाबरलाय तो, त्याला कशाला परीक्षेला बसवताय?” आणि सरळ फरशीवर मांडी घातलीत. त्याचा मागचा पाय हातात घेऊन हलवून बघितला, वाकवला, सोडला, परत बघितला, मग वर न बघताच म्हणालात, “छान जुळलाय. कुणी केलं एवढं?”

मॅडम, आजोबांना तोपर्यंत माहितीच नव्हतं त्याचा पाय मोडला होता ते. चोरी झाली एवढंच सगळ्यांनी त्यांच्या कानावर घातलेलं. ते त्या पायावरून हात फिरवत राहिले, काठी खाली पडली तरी त्यांना कळलं नाही. निकाल तुम्ही दिलाच नाहीत, मी ओम्याकडे बघितलं आणि तोच म्हणाला, आई, देऊया.

पण मला लिहायचंय ते याच्या पुढचं. आजोबांकडचं लसीचं पुस्तक फाटलेलं म्हणून तुम्ही नवीन काढलंत. नावाच्या रकान्यात ‘ब्रूनो’ लिहिलंत, पेन तसंच धरून ओम्याला विचारलंत, “तू काय म्हणतोस रे याला?” तो नाक पुसत म्हणाला, शेरू. आणि तुम्ही पुढे लिहिलंत, ‘उर्फ शेरू’. सगळं पुस्तक इंग्रजीत, त्यात हे दोनच शब्द मराठीत, निळ्या शाईत. उर्फ फक्त चोरांच्या नावापुढे लावतात असं मला वाटायचं, आणि चौकीतून आल्यापासून तर मलाच लावतील की काय असं झालं होतं. इथे मात्र त्या एका शब्दाने आम्ही चोर नव्हतो हे लिहून दिलंत. खाली फोनच्या रकान्यात आजोबांच्या नंबराखाली माझाही नंबर घेतलात. मोठ्या मनाची माणसं मोठी भाषणं करत नाहीत, अशीच कुठेतरी रकान्यात दोन शब्द जास्त लिहितात.

आजोबा 14 हजार द्यायला आले होते, मी निम्मे घेतले, भिशीच्या बायकांना तोंड दाखवायचं असतं. ओम्या संध्याकाळी त्याला फिरवायला जातो. तिथे तो ब्रूनो म्हटलं तरी येतो, शेरू म्हटलं तर जरा जास्त जोरात येतो, पण हे आजोबांना सांगू नका.

तुम्ही फी घेतली नाहीत म्हणून ओम्याबरोबर पुरणपोळ्या पाठवल्यात, तूप वेगळ्या वाटीत आहे. डब्याची घाई नाही. रेबीजच्या इंजेक्शनची तारीख आम्ही कॅलेंडरवर लिहून ठेवलीये, आजोबांना घेऊन रिक्षाने येऊ, तेव्हा दिलात तरी चालेल.

तुमची,
ओमची आई