सुमन, तू खूप काही करतेस

प्रिय सुमन,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सहज म्हणालीस, "माझं काय गं, मी कुठे काय करते? घरीच तर असते." तेवढ्यात अण्णांची कूस बदलायची वेळ झाली आणि बोलणं अर्धवट राहिलं. पण ते वाक्य मला पटलेलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

एकाच अंगावर पडून राहिलं की तिथला रक्तपुरवठा दबतो, कातडी लाल होते, मग जखम होते. म्हणून तू दर दोन तासांनी त्यांना वळवतेस, चादरीची सुरकुती काढतेस, पाठ कोरडी ठेवतेस. इतके महिने अंथरुणाला खिळूनही अण्णांच्या पाठीवर जखम नाही. सुमन, ही तुझी कमाई आहे! भेटायला येणाऱ्यांना ती दिसत नाही, कारण जे घडू दिलं नाहीस ते दिसणार कसं? आणि अंगमेहनतीपेक्षा मोठं ओझं डोक्यातलं. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली संपत आली, डॉक्टरांना काय विचारायचं, शेजारच्या आजींचा पेन्शनचा फॉर्म कधी भरायचा. हे सगळं तुझ्याच ध्यानात. झोपेतसुद्धा तुझा एक कान जागा असतो.

मार्गारेट रीड या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी १९३४ सालीच एक साधी कसोटी मांडली होती. पैसे देऊन जे दुसऱ्याकडून करून घेता येतं, ते घरातल्या माणसानं केलं तरी कामच. तरीही पगारी बाईनं अण्णांना भरवलं तर ते राष्ट्रीय उत्पन्नात धरतात, तू भरवलंस तर नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१८च्या अहवालाप्रमाणे ६४ देशांत मिळून रोज १,६४० कोटी तास असं बिनपगारी काम होतं, आणि त्यातलं तीन चतुर्थांशांहून जास्त बायका करतात. आइसलँडच्या बायकांनी २४ ऑक्टोबर १९७५ला एक दिवस घरचं-बाहेरचं सगळं काम थांबवलं. जवळजवळ नव्वद टक्के बायका त्यात होत्या. बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं!

तुला कुणी त्यागमूर्ती म्हटलं की मला राग येतो. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसेल, पण एकदा मूर्ती केली की हातभार लावायची जबाबदारी संपते. त्यापेक्षा तुझ्या दिरांनी रविवार पूर्ण आपल्याकडे घ्यावा. पूर्ण म्हणजे गोळ्यांची आठवणसुद्धा त्यांनीच ठेवायची, तुला विचारत बसायचं नाही. तू प्रेमानं करतेस हे मला ठाऊक आहे. पण प्रेम आहे म्हणून पाठ दुखायची थांबत नाही ना?

पुढच्या महिन्यात मी आठवडाभर तुझ्याकडे येते आहे. रात्रीची पाळी माझी. अण्णांना कसं वळवायचं ते पहिल्या दिवशी शेजारी उभी राहून शिकव, औषधांच्या वेळा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेव. नंतर दार लावून तू दुसऱ्या खोलीत झोपायचंस. अण्णांना मी येणार असल्याचं आधी सांग, नाहीतर रात्री अनोळखी हात लागला की घाबरतील.

तुझी,
मंगल