घाटरस्त्यांच्या साइडपट्ट्या भरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजापूरच्या बाजारपेठेत गेली 32 वर्षं माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. अर्जुना आणि कोदवली या नद्यांना पूर आला की सामान माळ्यावर चढवायचं, पाणी ओसरलं की चिखल काढून पुन्हा पंप हातात घ्यायचा, असं चालत आलंय. वय 55. गेल्या डिसेंबरात मी आणि माझी भाची (वय 20) सात दिवस सायकलवर होतो. अणुस्कुरा घाट चढलो, भुईबावडा घाट उतरलो, फोंडा चढलो, आंबोली उतरलो. त्या सात दिवसांत रस्त्याच्या कडेची जी अवस्था पाहिली आणि भाचीच्या कोपराला जे लागलं, त्याबद्दल हे पत्र आहे. थोडं लांब होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय मागणी कळायची नाही.

आधी सायकलींबद्दल. आमच्या भागात अजून जी काळी दांडीची सायकल चालते, तिच्या पुढच्या चक्राला बहुतेक 44 दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला 18. म्हणजे पायडलचा एक फेरा मारला की सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाटीवर हे उत्तम. घाटात मात्र प्रत्येक फेऱ्याला अंगाचं आणि सायकलीचं वजन चढावर साडेपाच मीटर पुढे ओढायचं, म्हणजे गुडघे दहा मिनिटांत उत्तर देतात. म्हणून आमच्याकडे घाट म्हटला की लोक उतरून ढकलतात. मी भाचीसाठी आणि माझ्यासाठी दोन जुन्या गियरच्या सायकली उभ्या केल्या. गिऱ्हाइकांनी मोडीत घातलेल्या होत्या. पुढचं सर्वांत लहान चक्र 28 दात्यांचं आणि मागचं सर्वांत मोठं 32 दात्यांचं बसवलं. आता एका फेऱ्याला दोन मीटरही पुरे होत नाहीत. वेग माणसाच्या चालीइतकाच येतो, पण दम धरून दिवसभर चढता येतं. हे मुद्दाम लिहितोय, कारण घाट हा तालीम केलेल्या पोरांचाच, असा समज आहे. दात्यांचा हिशेब जमला तर माझ्या वयाचा माणूसही चढतो.

पहिल्या दिवशी ओणी, रायपाटण, पाचल करत येरडवला पोचलो तेव्हा दहा वाजले होते. तिथून अणुस्कुरा सुरू होतो. राजापूर बंदरात उतरलेला माल एकेकाळी बैलांच्या पाठीवरून याच वाटेने घाटावर जायचा. इंग्रजांची वखार राजापुरात होती आणि शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये ती ताब्यात घेतली, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या बंदराचा जीव या घाटात होता, हे मला स्वतः चढेपर्यंत समजलं नव्हतं. एका वळणावर थांबून खाली बघितलं तर सगळं राजापूर खोरं पसरलेलं. बैल इथे थांबत असतील तेव्हा माणसंही हेच बघत असतील, असं भाचीला म्हटलं. ती म्हणाली, "मामा, त्यांच्याकडे कोकम नव्हतं का?" आम्ही बाटलीत आगळ, मीठ आणि गूळ घालून घेतलं होतं. पायात गोळे यायला लागले की दोन घोट. सात दिवसांत त्यावर दुसरं कुठलंच औषध लागलं नाही. माथ्यावर पोचायला दुपारचे दोन वाजले. रात्री एका वाडीच्या देवळात झोपलो. पुजाऱ्याच्या घरून भाकरी आणि खर्डा आला. "कुठनं आलायसा, पावणं?" असं विचारून त्यांनी आधी सायकली आत घ्यायला लावल्या.

दुसऱ्या दिवशी बाजारभोगाववरून कळ्याला उतरून गगनबावड्याचा रस्ता धरायचा होता. भाची पडली ती त्या दिवशी. नेमकी कुठे, ते लिहीत नाही, कारण हा एका रस्त्याचा दोष नाही. गळीत हंगाम चालू होता. समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर आला, मागून वडाप (प्रवासी भरून नेणारी खासगी गाडी) हॉर्न देत होती. भाची शहाणपणाने डावीकडे सरकली. डांबर संपलं तिथे साइडपट्टी, म्हणजे डांबराला लागून भरलेली कडेची पट्टी, नव्हतीच. जवळजवळ वीतभर खड्डा आणि त्यात वाळलेलं गवत. चाक खाली गेलं तरी ती पडली नाही. पडली ती वर येताना.

हे कसं होतं ते वाचकांना समजावं म्हणून सविस्तर सांगतो, कारण बत्तीस वर्षांत अशा पडझडीतून आलेल्या कितीतरी सायकली मी सरळ केल्या आहेत. चाक खाली गेलं की माणूस घाबरून हँडल उजवीकडे वळवतो. पण डांबराची कड उभी, भिंतीसारखी. टायर तिला घासत राहतो, वर चढत नाही. माणूस आणखी वळवतो. मग एका क्षणी टायरला पकड मिळते आणि चाक एकदम वर उडी घेतं. हँडल तोवर आडवं झालेलं असतं. सायकल रस्त्यावर आडवी येते, आणि माणूस कडेला न पडता थेट गाड्यांच्या वाटेत पडतो. मोटरसायकलचंही हेच होतं, फक्त वेग जास्त. भाची डांबरावर पडली आणि मागच्या वडापने करकचून ब्रेक मारला. ड्रायव्हर लक्ष ठेवून होता म्हणून आज मी हे पत्र लिहू शकतोय. तो स्वतः उतरला, तिला उचलून बसवलं, आणि तिचं रक्त बघून त्याचे हात थरथरत होते. मी त्याचं नाव विचारायचं विसरलो. हे वाचनात आलं तर त्याने माझे आभार स्वीकारावेत.

शेजारच्या घरातल्या बाईंनी हळद लावली, चहा दिला. सायकलीच्या पुढच्या चाकाच्या तीन तारा तुटल्या होत्या आणि रिमला मोठा आउट आला होता, म्हणजे रिम वाकडं फिरत होतं. सायकल उलटी करून सीटवर उभी केली, जवळच्या तारा घातल्या, पाऊण तासात आउट काढला. भाचीने कोपराला रुमाल बांधला आणि म्हणाली, "मामा, चला. संध्याकाळच्या आत गगनबावडा." आम्ही गेलो. पण त्या संध्याकाळपासून मी वही काढली.

चेन किती ताणली आहे हे बघायला मी खिशात स्टीलची फूटपट्टी ठेवतो. नवीन चेनच्या बारा जोड्या बरोबर 12 इंच भरतात. त्याहून जास्त भरल्या की चेन बदलायची. तीच पट्टी मी रस्त्याच्या कडेला उभी धरायला लागलो. दर थांब्याला एकदा. घरी पोचेपर्यंत वहीत 41 जागा भरल्या. सर्वांत खोल कड 21 सेंटिमीटर होती, तीही वळणावर.

पट्टी लावता लावता कारणही दिसायला लागलं. कडेकडून पाहिलं की डांबराचे थर मोजता येतात, पुस्तकाच्या पानांसारखे. एका ठिकाणी मी चार थर मोजले. दर वेळी रस्ता वर येतो, साइडपट्टी मात्र आहे तिथेच. कुठे मुरूम टाकलेला असतो, पण तो सैल ओतलेला, रोलर न फिरवलेला. आमच्याकडचा पाऊस काय असतो ते कोकणी माणसाला सांगायला नको. पहिल्या आठवड्यातच तो मुरूम गटारात जातो, गटार तुंबतं, पाणी रस्त्यावरून वाहतं आणि मग डांबराची कडही कुरतडली जाते. म्हणजे साइडपट्टी भरली नाही की नवा रस्ताही टिकत नाही. खर्च दोन्हीकडून वाया.

तिसऱ्या दिवशी भुईबावडा उतरलो. चढण्यापेक्षा उतरण्याची मला जास्त धास्ती होती. सामानासह ब्रेक धरून उतरलं की रिम तापतं, आतल्या ट्यूबवरचं पंक्चरचं ठिगळ मऊ होऊन सुटतं. म्हणून पुढचा-मागचा ब्रेक आलटून पालटून मारायचा आणि दर थोड्या अंतराने थांबून रिमला हात लावून बघायचं. हात ठेववत नसेल तर थांबायचं. भाचीला कोपर वाकवता येत नव्हतं, त्यामुळे आम्ही बराच वेळ चालतच उतरलो. वैभववाडीनंतर नाधवड्याला महादेवाच्या देवळाशी उमाळा आहे, जमिनीतून पाणी बुडबुडत वर येतं. तिथे तिने जखम धुतली. तळेरे, नांदगाव तिठा करून रात्री फोंड्यात पोचलो तेव्हा एका म्हातारीने विचारलं, "खंयसून इलात?" अणुस्कुऱ्यावरून म्हटल्यावर तिने भाचीच्या डोक्यावरून हात फिरवला.

फोंडा घाट या सफरीतला सर्वांत लांब चढ वाटला. दाजीपूरच्या जंगलाशी येईपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. रस्त्याच्या कडेला तीन गवे उभे. आम्ही सायकली थांबवल्या, आवाज केला नाही. पंधरा-वीस मिनिटांनी ते सावकाश आत गेले. एवढा वेळ निमूट उभं राहायची सवय माझ्या धंद्यात नाही, पण ती संध्याकाळ मी विसरणार नाही. राधानगरी, गारगोटी, आजरा हा घाटमाथ्यावरचा पट्टा थंडीत काढला. सहाव्या दिवशी आंबोलीला धुकं इतकं होतं की भाचीच्या पाठीवरचं लाल फडकं दहा फुटांवर दिसेना. धुक्यात सायकलवाला पांढरी रेघ धरून चालतो. पण त्या रेघेपलीकडे टाकायला जागा आहे की खड्डा, हे त्याला दिसत नाही. आंबोली ते सावंतवाडी आम्ही शब्दशः जीव मुठीत धरून उतरलो.

सावंतवाडीहून राजापूर, शंभराच्या वर किलोमीटर, सातव्या दिवशी चौपदरी महामार्गाने केलं. सर्वांत लांबचा दिवस, आणि सर्वांत निर्धास्त. पाय दुखत होते, पण मान ताठ करून गाड्यांचा आवाज ऐकावा लागत नव्हता. एकच फरक होता. पांढऱ्या रेघेच्या डावीकडे सपाट, बांधलेली जागा होती.

घाटात चौपदरी रस्ता मी मागत नाही. सायकलींसाठी वेगळा मार्गही नको. त्यासाठी डोंगर कापावा लागेल आणि ते कुणालाच परवडायचं नाही. मागणी एवढीच की ज्या ज्या खात्याचा रस्ता आहे, त्याने डांबर टाकण्याच्या कामात साइडपट्टीचं काम धरावं, आणि पट्टी डांबराच्या पातळीला आल्याशिवाय काम पूर्ण झालं असं मानू नये. डांबराची कड उभी न सोडता उतरती दाबून घ्यावी. तसं केलं की खाली गेलेलं चाक भिंतीला घासत न बसता सहज वर येतं. भरायला नुसता सैल मुरूम नको. राजापूर-लांजा भागात चिरेखाणींवर जांभ्याच्या कपचीचे ढीग पडलेले असतात. ती कपची खडीत मिसळून, पाणी मारून, रोलरने दाबली तर घट्ट बसते. माझ्या दुकानासमोरची जागा मी स्वतः अशी भरून घेतली आहे आणि चार पावसाळे ती हलली नाही. हे काम पाऊस सरल्यावर, गवत कापून, दरवर्षी करावं लागेल. त्यातून सुटका नाही.

आणि हे सफर करणाऱ्यांपुरतं नाही. पावसाळा संपला की शहरातून गटाने येणाऱ्या सायकलस्वारांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात, ते बघून मला आनंदच होतो. त्यांच्या सायकली मी दुरुस्त करतो. पण ती माणसं आठवड्याने परत जातात. त्याच कडेवरून रोज डोक्यावर गवताचा भारा घेतलेली बाई चालते. मागून गाडी आली की तिला खाली उतरावं लागतं, भाऱ्यासकट. दप्तर कॅरियरला लावून शाळेत जाणाऱ्या मुली त्याच कडेवरून जातात. आठवीतली एक मुलगी दुकानात हवा भरायला येते. ती मला म्हणाली होती की गाडी आली की मी उतरूनच उभी राहते. शाळेला जाता-येता ती किती वेळा उतरते, हे मी तिला विचारलं नव्हतं. आता विचारलं. ती म्हणाली, मोजत नाही.

वहीतल्या 41 नोंदींच्या झेरॉक्स या पत्रासोबत जोडल्या आहेत. जागा, जवळचा किलोमीटरचा दगड आणि खोली, एवढंच त्यात आहे. कुणा अधिकाऱ्याला प्रत्यक्ष बघायचं असेल तर मी पट्टी घेऊन सोबत यायला तयार आहे. सोमवारी दुकान बंद असतं.

भाचीचं कोपर बरं झालं. येत्या डिसेंबरात तिला कुंभार्ली आणि आंबेनळी हे घाट करायचे आहेत. तिची सायकल मी आत्ताच उघडली आहे. पुढचं रिम नवीन घातलं.

आपला,
एक सायकल दुरुस्तीवाला
राजापूर, जि. रत्नागिरी