राजाला आधी चालू द्या

मा. संपादक,
स. न.

उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू झाल्या आहेत. ‘चार चालींत मात’ शिकवण्याची हमीही एका जाहिरातीत वाचली. एरंडवण्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मी लहान मुलांना बुद्धिबळ शिकवते. अशी शिबिरे करून आलेल्या मुलांना वजिराचा हल्ला तोंडपाठ असतो. पण हत्तीने शह दिला, की राजा त्याच पट्टीत एक घर मागे सरकवतात. शह तसाच! ‘राजा कुठेही एक घर’ एवढ्यावर त्यांचा राजा उरकलेला असतो.

माझ्याकडे सुरुवातीला पटावर फक्त दोन राजे आणि प्यादी. मधल्या राजाला आठ घरे, कडेच्या राजाला पाच, कोपऱ्यातल्याला तीन, हे मुलांनी बोट ठेवून मोजायचे. दोन राजे शेजारी येऊ शकत नाहीत हे उमगले, की समोरच्याची वाट अडवण्यात ती अशी रमतात की घरी न्यायला आलेले पालक ताटकळतात. मग मी विचारते, खालच्या कोपऱ्यातून त्याच पट्टीने सरळ वरच्या कोपऱ्यात जायला किती चाली? सात. आणि तिरके मध्यापर्यंत जाऊन परत कडेला आलो तर? उत्तरे येतात दहा, बारा. मोजले की पुन्हा सातच! बुद्धिबळपटू रिचर्ड रेती यांची १९२१ सालची प्रसिद्ध रचना, म्हणजे पटावर मांडलेले कोडे, याच गमतीवर उभी आहे.

‘घोडा कधी शिकवणार?’ हा पालकांचा प्रश्न ठरलेला. एका आजोबांनी तर राजालाच घोड्याची एक उडी असते म्हणून नातवाची बाजू घेतली. जुन्या देशी खेळात शह बसण्यापूर्वी ती मुभा होती, आजच्या स्पर्धांत नाही. आजोबांना अजून पटलेले नाही.

२०२४ साली सिंगापूरला जगज्जेतेपदाच्या चौदाव्या डावात तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन आणि गुकेश या दोघांचेही हत्ती-उंट मारले गेले, उरले राजे आणि प्यादी. गुकेशची शेवटची चाल राजाचीच होती.

आपल्या मुलांच्या पानावर ‘दोन चालींत मात’ची कोडी असतात. त्यात अधूनमधून राजा-प्याद्याचे एखादे द्यावे. उत्तर मात्र त्याच पानावर उलटे छापू नये. मुले आधी पेपर फिरवतात.

– एक निवृत्त शिक्षिका, एरंडवणे, पुणे