सर, लेझीम पुन्हा हातात दिलीत त्याबद्दल

आदरणीय सर,

सप्रेम नमस्कार.

हे तोंडावर बोलायला गेले असते तर तुम्ही "बरं बरं, आधी रांगेत उभ्या राहा" म्हणून मला वाटेला लावलं असतं. म्हणून लिहिते आहे. आणि चारचौघांना वाचता येईल असं लिहिते आहे, कारण आपल्या विरंगुळा केंद्रात सकाळी नक्की काय चालतं याबद्दल आजूबाजूला बरेच समज आहेत. कुणाला तो हास्यक्लब वाटतो, कुणाला भजनी मंडळ. समोरच्या इमारतीतल्या एका गृहस्थांना तर तो निव्वळ हलगीचा त्रास वाटतो. आहे तो आम्हा वयस्करांचा व्यायामाचा वर्ग, हलगीच्या तालावर लेझीम खेळत चालणारा.

आमच्या ह्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असल्याचं निदान झालं तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या समजावून सांगितल्या आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "व्यायाम चालू ठेवा." कसला, किती, कुणाच्या देखरेखीखाली, हे विचारायला आम्हाला सुचलं नाही आणि त्यांनाही वेळ नव्हता. घरी आल्यावर दोघं गच्चीवर फेऱ्या मारू लागलो. ह्यांची पावलं आखूड पडायची, उजवा हात हलायचाच नाही, आणि चार दिवसांत दोघांनाही कंटाळा आला.

तुम्ही पहिल्या भेटीत विचारलेला प्रश्न मला अजून आठवतो. वय नाही, वजन नाही. "गोळी किती वाजता घेता?" गोळीचा अंमल चढायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि व्यायाम त्या अंमलातच करायचा, हे तुम्ही सांगेपर्यंत आमच्या लक्षातच आलं नव्हतं. शाळेत पी.टी. शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाला हे कुठून माहीत, असं मी तेव्हा मनात म्हटलं होतं. नंतर कळलं की आमच्या आधी आलेल्या दोन कंपवातवाल्यांसाठी तुम्ही स्वतः फिजिओथेरपिस्टकडे जाऊन बसला होतात.

मग ते स्वयंपाकघराचं दार. सपाट फरशीवर, नेमकं दारात, ह्यांचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. जिना मात्र सरळ चढायचे! नातेवाइकांना वाटायचं, नाटक आहे. तुम्ही घरी आलात, खिशातून लाल रंगाची चिकटपट्टी काढली, दाराच्या अलीकडे-पलीकडे हातभर अंतरावर आडव्या पट्ट्या लावल्यात आणि म्हणालात, "पाय उचलायचा विचार करू नका. पट्टी ओलांडा." आणि हे ओलांडून गेले. मी ओट्याशी कणीक मळत होते, हात तसेच राहिले.

असं का होतं ते मी पुढे वाचून काढलं. कंपवातात मेंदूच्या आतल्या भागातल्या डोपामिन नावाचं रसायन बनवणाऱ्या पेशी कमी होत जातात. आपण विचार न करता जे करतो, म्हणजे चालायला लागणं, पावलांचा ताल राखणं, तेच नेमकं अडतं. पण ताल बाहेरून मिळाला किंवा डोळ्यांसमोर ओलांडायला काहीतरी असलं की मेंदू दुसऱ्या वाटेने काम करून घेतो. जिन्याची प्रत्येक पायरी म्हणजे एक पट्टीच. तुमची हलगी हे त्याचंच दुसरं रूप. परदेशात यासाठी मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक तालात टिकटिक करणारं यंत्र, वापरतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेने २००१ साली कंपवाताच्या रुग्णांसाठी नाचाचा वर्ग सुरू केला, त्याच्या धर्तीवर आता कितीतरी देशांत वर्ग चालतात. आपल्याकडे हलगी आहे. समोरच्या गृहस्थांनी हे कृपया वाचावं.

आता माझ्याबद्दल. मी आले होते ह्यांना सोडायला. तुम्ही मला बाकावर बसू दिलं नाहीत. माझ्या आईची शेवटची वर्षं विस्मरणात गेली. त्यामुळे एखादं नाव ओठांवर येऊन अडलं तरी माझ्या पोटात गोळा यायचा, हे मी तुम्हाला कधी बोलले नव्हते. तुम्ही हातात लेझीम दिलीत. चार आवाज, मग पवित्रा, मग आगे पाव. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला शिकलेलं सगळं हात विसरले नव्हते, पाय मात्र साफ विसरले होते. हात एक करतात, पाय दुसरं, समोरच्या जोडीदाराकडे बघायचं आणि आवाज चुकवायचा नाही. त्यात तुम्ही जागच्या जागी पावलं टाकताना दीडकीचा पाढा म्हणायला लावता, तोही उलटा. दम लागतो, घाम येतो, आणि हसू आवरत नाही.

तुम्ही कधी 'मेंदू' हा शब्द उच्चारत नाही, पण तुमच्या पद्धतीत जे आहे ते अभ्यासांशी चांगलंच जुळतं. अमेरिकेत २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १२० वयस्कर माणसांचे दोन गट केले होते. एका गटाने वर्षभर आठवड्यातून तीन दिवस, हळूहळू वाढवत ४० मिनिटांपर्यंत, दमदार चालायचं. दुसऱ्याने नुसते ताण देण्याचे हलके व्यायाम करायचे. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूचा एक भाग असतो, नव्या आठवणी साठवण्याच्या कामाचा. वयानुसार तो आकसतो. चालणाऱ्यांमध्ये तो सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटात जवळपास दीड टक्का घटला. दुसरा गटही नेमाने येत होता, हे लक्षात घ्या. म्हणजे श्वास जरा चढायला हवा. "बोलता आलं पाहिजे, गाता येता कामा नये" हे तुमचं माप मला आता पटतं.

नाचाबद्दलही वाचलं. न्यूयॉर्कमध्येच पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं होतं. शारीरिक छंदांपैकी एकट्या नाचाचा संबंध स्मृतिभ्रंशाच्या कमी धोक्याशी दिसला. यावर फार उड्या मारू नयेत, कारण ज्यांची स्मृती आधीच ढासळू लागली असेल ते नाच लवकर सोडत असतील, असंही होऊ शकतं. मी इतकी वर्षं पोस्टात हिशेब तपासले आहेत, आकड्यांना लगेच हात जोडत नाही. पण लेझीम सोडायचं कारणही मला त्यात दिसत नाही.

आणि तुमचा तो हजेरीपट! सुरुवातीला रागच यायचा, या वयात कसली हजेरी. पण दोन दिवस कुणी आलं नाही की तुमचा फोन जातो, आणि तिसऱ्या दिवशी जोडीदार घरी जाऊन टपकतो. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली. त्यात शरीराला चलन नसणं आहे, तसंच एकटेपणा आहे, आणि ऐकू कमी येणंही आहे. गेल्या पावसाळ्यात तुम्ही कुणाकुणाला श्रवणयंत्र ड्रॉवरमधून काढून कानात घालायला लावलंत, ते सगळ्यांना माहीत आहे. नावं लिहीत नाही.

ह्यांचा आजार गेलेला नाही, जाणारही नाही. अक्षर मुंगीएवढंच येतं, आवाज बसलेलाच असतो, गोळ्या वाढल्या आहेत. तुम्हीही कधी खोटी आशा दाखवली नाहीत. स्मरणशक्तीची पावडर विकायला आलेल्या त्या टायवाल्याला तुम्ही "आधी आमच्याबरोबर आगे झुक करून दाखवा" म्हणालात, तेव्हाच मला तुमची खात्री पटली. पण ह्यांना आता दारात उभं राहून माझी वाट बघावी लागत नाही, आणि विसर्जनाच्या दिवशी गल्लीतल्या पथकासमोर ह्यांनी लेझमीचे दोन हात केले. सूनबाईंनी व्हिडिओ काढला आहे. तुम्हाला पाठवला होता, पण तुमच्या फोनमध्ये जागा नसते.

शेवटी एक मागणं. अर्धांगाचा झटका येऊन गेलेले तिघं-चौघं आणि त्यांच्या घरचे संध्याकाळची बॅच मागत आहेत. आम्ही बायकांनी नव्या लेझमींसाठी आणि हातांच्या खुर्च्यांसाठी वर्गणी काढली आहे. शिकवायला सकाळच्या बॅचमधले दोघं तयार आहेत. तुम्ही फक्त पहिला महिना उभं राहायचं, तेही बसून. कारण तुम्ही फी घेत नाही हे ठीक, पण उजवा पाय टाकताना तुमचं तोंड वाकडं होतं ते तिसऱ्या रांगेतून स्वच्छ दिसतं. गुडघ्याचा एक्स-रे काढून घ्या. कुणी सोबत हवं असेल तर हे येतील.

आपली,
तिसऱ्या रांगेतली पोस्टवाली